बंडूचं काय चुकलं?

रेडबडची पानं पिवळी पडायला लागली की माझं डोकं फिरतं. झाडाचा काही दोष नाही. टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोत दर तिसऱ्या घरासमोर हे झाड आहे. मार्चमध्ये पानांच्या आधी ते जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरतं आणि ऑक्टोबर आला की त्याची बदामी आकाराची पानं कडेकडेनं पिवळी होत जातात. आपट्याचं पान इथं कुठून मिळणार? म्हणून आम्ही इथली मराठी माणसं दसऱ्याला हीच पानं तोडतो आणि सोनं म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतो. काल पलीकडच्या गल्लीत नवीन राहायला आलेली मुलगी दारात उभी राहिली. म्हणाली, काकू, तुमच्या झाडाची थोडी पानं घेऊ का? मी घे म्हटलं आणि दार जरा जोरातच लावलं. बिचारीला वाटलं असेल, काय खडूस बाई आहे. वाटू दे.

पाच वर्षं झाली. मकरंद म्हणतो, वसू, किती दिवस धरून बसणार आहेस? मकरंद म्हणजे माझा नवरा. त्याला राग म्हणजे सर्दी वाटते, आठ दिवसांत आपोआप बरी होणारी. मी नागपूरची आहे, आमच्याकडे राग उन्हाळ्यासारखा असतो, त्याला लवकर उतरायची सवय नाही. आणि खरं सांगू? मला तो उतरायला नकोच आहे. बंडूसाठी मी दुसरं काही केलं नाही. निदान रागावून तरी राहते.

टेक्सासचा ऑक्टोबर सुंदर असतो, हे कबूल करायला हवं. चार महिने भाजून काढणारं ऊन एका दुपारी अचानक हात आखडतं. उत्तरेकडून वारा सुटतो, एका तासात अंगावर शिरशिरी येते आणि पहाटे बंद खिडकीतूनही गवत कापल्याचा वास यायचा थांबतो. दारादारांत भोपळे येऊन बसतात. संध्याकाळी किराणा दुकानाच्या पार्किंगमधल्या झाडांवर काळ्या पक्ष्यांचे थवे इतका कलकलाट करतात की फोनवर बोलता येत नाही. बंडूला ते पक्षी फार आवडायचे. मान तिरकी करून तो त्यांचं सगळं भांडण ऐकून घ्यायचा, जणू निकाल त्यालाच द्यायचा आहे.

पण बंडू यायच्या आधी एक ऑक्टोबर होऊन गेला होता, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

न्यूयॉर्कचे जुळे टॉवर पडल्याला महिना झाला होता. मला नागपूरहून येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मकरंद कन्सल्टंट, म्हणजे सोमवारी पहाटे विमानानं मिनियापोलिसला आणि गुरुवारी संध्याकाळी परत. मला गाडी येत नव्हती, म्हणून मी अर्ध्या मैलावरच्या इंडियन स्टोअरला चालत जायची. प्लेनोत फुटपाथ आहेत, पण त्यांच्यावर मी आणि गवताला पाणी मारणारे फवारे, एवढेच. त्या दुपारी मी पिस्ता रंगाची सलवार-कमीज घातली होती. मागून एक पिकअप आली, हळू झाली, काच खाली गेली आणि बर्फ घातलेल्या कोकचा भलामोठा ग्लास माझ्या छातीवर फुटला. आतले दोघं काहीतरी ओरडले. ते मी इथं लिहिणार नाही. मला जे म्हणाले ते मी नव्हतेही, पण त्यांना त्याच्याशी काय देणंघेणं. मग ते हसले आणि गेले. ओढणीत अडकलेले बर्फाचे खडे मी घरी पोचेपर्यंत वितळत होते.

घरी येऊन मी आधी ओढणी धुतली, मग मकरंदला फोन केला. तो मीटिंगमधून उठून बाहेर आला, एवढं त्याचं खरं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीचा नंबर बघितलास का?"

नंबर! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मला वाटलं होतं, तो म्हणेल, मी येतो. आला, गुरुवारीच, नेहमीच्या विमानानं. पोलिसांनी आदरानं तक्रार लिहून घेतली आणि नंबर नाही म्हटल्यावर तितक्याच आदरानं वही मिटली. मी मकरंदला काही म्हटलं नाही. त्या वर्षी लोकांच्या नोकऱ्या पटापट जात होत्या. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बॅगा भरा. मला घराजवळचं काम द्या, असं मॅनेजरला विचारायची त्याची छाती नव्हती, आणि ते मलाही कळत होतं. कळत होतं म्हणून मी गप्प बसले, हा माझा पहिला मूर्खपणा.

मकरंदनं मग त्याला जे येतं ते केलं. रिसर्च केला. तीन आठवडे तो विमानातून, हॉटेलातून मला लिंका पाठवत होता. अलार्म, स्प्रे, कराटेचा क्लास. त्याचं टेबल बनवलं, फायदे-तोटे लिहिले, आणि शेवटी निष्कर्ष काढला की कुत्रा पाहिजे. साधा नाही. अंगरक्षक कुत्रा, शिकवून तयार केलेला, मालकिणीवर कुणी हात टाकला तर त्याला धरणारा. डोन्ट वरी, म्हणाला, आता मी असलो-नसलो तरी तू सेफ. किती उत्साहानं म्हणाला! स्वतः घरी राहायचं सोडून माणसानं कुत्रा आणला, आणि मी त्याला थँक यू म्हटलं.

रेडबड फुललेलं असताना पिल्लू आलं. जर्मन शेफर्ड, दहा आठवड्यांचं, एक कान उभा आणि एक पडलेला. कागदांवर त्याचं हातभर लांबीचं जर्मन नाव होतं. मी त्याला बंडू म्हटलं. मकरंदला हे अजिबात पटलं नाही. वाघ, सिंह, काहीतरी दणकट पाहिजे म्हणाला, बंडू म्हणजे काय, पोष्टात कारकून आहे का तो? पण सोमवार ते गुरुवार हाका मारायला मीच होते, त्यामुळे बंडूच राहिलं.

त्यानं घरात काय काय केलं ते सांगत बसले तर हा लेख संपायचा नाही. माझ्या एकुलत्या एका कोल्हापुरी चपलेचा अंगठा खाल्ला. कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारख्या ऐकायचा आणि तिसरीला उठून स्वयंपाकघरात यायचा. भाजलेल्या पापडासाठी तो जीव टाकायचा. पापड भाजल्याचा वास आला की वरच्या मजल्यावरून घसरत, आपटत खाली. मी नागपूरला शाळेत शिकवत होते, पाचवीचे दोन वर्ग, एकशे दहा पोरं. इथं डिपेंडंट व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर ज्याच्याशी मराठीत बोलावं असं या देशात मला मिळालेलं पहिलं कुणी म्हणजे बंडू. मी त्याला भूगोल शिकवायची, हसू नका. तो समोर बसून ऐकायचा, आणि माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा बरं ऐकायचा.

खरं शिक्षण मात्र डोनाकडे. डोना साठीची बाई, वीस वर्षं पोलिसांची कुत्री तयार केलेली. शहर संपून शेतं लागतात तिथं तिची पत्र्याची शेड होती. तोवर मी गाडी शिकले होते, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी बंडूला घेऊन जायची. शेडमध्ये वाळलेल्या गवताचा, कुत्र्यांचा आणि उकडलेल्या कलेजीचा वास. कलेजीचे तुकडे बक्षीस म्हणून खिशात ठेवायचे असतात. मी जन्माची शाकाहारी. पहिल्या दिवशी डोनानं माझ्या तळहातावर कलेजी ठेवली तेव्हा माझा चेहरा बघून ती म्हणाली, बाई, चीज चालेल. मग आमचं चीजवर भागलं.

सुरुवात चिंधीनं झाली. माझी एक जुनी सुती साडी होती, तिची पट्टी फाडून पिल्लापुढे नाचवायची, त्यानं दातात धरली की ओढाताण करायची आणि शेवटी त्याला जिंकू द्यायचं. पुढे चिंधीच्या जागी जाड तागाची बाही आली, ती डोनाच्या नवऱ्याच्या, अर्लच्या, हातात असायची. डोनानं सांगितलं, हुकूम अशा भाषेत दे की चोराला कळता कामा नये. म्हणून आमचे हुकूम मराठीत. बस. थांब. धर. सोड. टेक्सासच्या त्या शेडमध्ये डोना ओरडायची, "सोद!" आणि बंडू माझ्याकडे बघायचा, ही बाई काय म्हणतेय म्हणून.

मला वाटत होतं, रक्षण करणारा कुत्रा म्हणजे संशयी, गुरगुरणारा. डोना यावर चिडायची. घाबरलेला कुत्रा चुकीच्या माणसाला चावतो, म्हणायची, मला न घाबरणाराच पाहिजे. बंडू तसाच होता. आमच्या घरात न घाबरणारा तो एकटाच. मकरंद नोकरीला घाबरायचा, मी रस्त्याला, आम्ही दोघं व्हिसाच्या पाकिटांना. मग वाईट माणूस कोणता हे त्याला कसं कळणार, असं मी विचारलं होतं. डोना म्हणाली, "त्याला कळायची गरज नाही. तो तुझ्याकडे बघेल. तू मागे सरकलीस, हात पुढे केलेस, की त्याला कळलं."

तोच धडा आम्ही आठ-नऊ महिने घोटला. अर्ल टोपी घालून, काळा गॉगल लावून समोरून यायचा. नमस्कार-चमत्कार करून गेला तर काही नाही. पण जवळ येऊन त्यानं झटक्यात माझ्याकडे हात टाकला, कधी पर्सकडे, कधी खाली वाकून पायाला धरायला, की मी एक पाऊल मागे घ्यायचं आणि दोन्ही हात पुढे करायचे. 'धर' म्हणायचीही गरज नाही. बंडू हवेतून जायचा आणि ती बाही धरायचा. मी 'सोड' म्हटलं की त्याच क्षणी सोडायचा. शंभरदा केलं असेल. दोन महिन्यांनी अर्लच्या जागी दुसरे दोघं आणले, त्यांनाही टोपी, त्यांनाही गॉगल. आमचा खलनायक ठरलेला होता, पिकअपमधला. एकदा मकरंदला गॉगल लावून उभं केलं, तर बंडू शेपूट हलवत जाऊन त्याच्या बुटांचे बंद सोडायला लागला.

डोनाचं काम चोख होतं, हे मला लिहूनच ठेवायचं आहे. तिनं आम्हा दोघांना बसवून विचारलं होतं: तुमच्या घरी लोक आल्यावर काय काय होतं ते सगळं सांगा. जे रोजचं आहे ते त्याला आधी दाखवू, म्हणजे तो त्याला हल्ला समजणार नाही. मकरंदनं लगेच लॅपटॉप उघडून यादी केली. बेल वाजते. लोक बूट काढतात. पोरं जिन्यावर धावतात. सगळे एकदम आणि मोठ्यानं बोलतात. टपालवाला. पिझ्झावाला. अमेरिकन शेजारी मिठी मारतात, तेव्हा मिठीचाही सराव झाला. डोना, अर्ल, त्यांची सून, सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या आणि बंडू जांभई देत बसला. बावीस गोष्टी होत्या यादीत. त्या दिवशी आम्ही किती शहाण्यासारखे बसलो होतो! डोनानं दोनदा विचारलं, आणखी काही? आम्ही म्हटलं, नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी दसऱ्याला आमच्याकडे जमायचं ठरलं. पस्तीस माणसं. हॉलभर श्रीखंडाचा आणि अगरबत्तीचा वास, टीपॉयवर ताटलीत रेडबडची पानं. डोनानं बजावलं होतं, दोन वर्षांचा होईपर्यंत गर्दीत आणू नका, आणि बंडूला दोन व्हायला अजून तीन महिने होते. म्हणून तो वर बेडरूममध्ये होता. पण पुरुषमंडळींनी मकरंदला चढवलं. काय यार, बॉडीगार्ड दाखव ना. मकरंद माझ्याकडे बघून म्हणाला, आण ना पाच मिनिटं. आणि मला काय झालं होतं? मी नको म्हणू शकत होते. पण दोन वर्षं 'मकरंदची बायको' म्हणून बसलेली मी, माझ्याकडे दाखवायला एवढी एकच गोष्ट होती. मी आणला. बस म्हटलं, बसला. थांब म्हटलं, थांबला. पापड समोर ठेवला, तरी हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुलून गेले.

तेवढ्यात केतकी पुढे आली. आमच्या मित्रमंडळींतल्या निखिलची नवी नवरी, पुण्याची, चोवीस वर्षांची, इथं येऊन तीन आठवडे झालेले. हिरवी सिल्कची साडी नेसलेली. तिच्या आईनं फोनवर सांगितलं होतं म्हणे, पहिला दसरा आहे, मोठ्यांना वाकून नमस्कार कर. मी एकतीस वर्षांची. मला कसला नमस्कार? पण तिनं माझ्या हातावर पानं ठेवली आणि खटकन पायांशी वाकली. आणि मी काय केलं? आपण सगळे जे करतो तेच. "अगं राहू दे, राहू दे" म्हणत एक पाऊल मागे सरकले आणि दोन्ही हात पुढे केले.

बंडूनं तिचा दंड धरला.

हॉलमध्ये ओरडा झाला, ताटली उडाली. मी "सोड" म्हटलं. त्यानं सोडलं, त्याच क्षणी, आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला, शिकवल्याप्रमाणे. माझ्याकडे बघत होता. शाबासकीची वाट बघत होता.

अजूनही मला कुणाकुणाचा राग येतो याची यादी मीही करू शकते. त्या 'राहू दे, राहू दे'चा तर फार येतो. नमस्कार हवा असतो, मनातून बरं वाटत असतं, तरी वरवर नको म्हणून मागे सरकायचं. आपली एवढीशी लाडिक खोटी नम्रता. पिढ्यान्‌पिढ्या करतोय म्हणून आपल्याला ती दिसतसुद्धा नाही. अमेरिकन लोकांच्या मिठ्या आम्हाला दिसल्या, त्या यादीत बरोबर लिहिल्या. आपलं वाकणं कुणाला दिसलं नाही. शंभरदा शेडमध्ये जो धडा घोटला तोच मी माझ्या हॉलमध्ये, पस्तीस लोकांसमोर, त्याला अचूक करून दाखवला. मग बंडूचं काय चुकलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

केतकीला सात टाके पडले. इस्पितळात कुत्रा चावल्याची नोंद करावी लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या प्राणी विभागाची अधिकारी बाई आली. शांत, भली बाई. लशींचे कागद बघितले, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावं लागेल, घरी ठेवा नाहीतर आमच्याकडे. त्यानंतर घेऊन जा. पहिलीच वेळ आहे, घरातच घडलंय, आमच्याकडून पुढे काही नाही. मकरंद म्हणाला, तुमच्याकडेच न्या. बंडू गाडीत बसताना मी त्याची चादर दिली.

ते दहा दिवस. झाडांची पानं गळत होती, मी रोज अंगण झाडत होते आणि फोन वाजत होता. कुत्रा पाळायची गरजच काय होती, असं लोक मला विचारत होते. तीच माणसं, ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. निखिल फोनवर तुटक बोलला, त्याचं बरोबरच होतं. केतकीनं मात्र स्वतःहून फोन केला. हाताला बँडेज असलेल्या त्या मुलीनं मला सांगितलं, "ताई, त्याला काही करू नका हं. मीच एकदम वाकले."

पण मकरंदच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता, बोटांचे ठसे द्यायचे होते. कुणाच्या तरी मेव्हण्याचं कार्ड म्हणे पोलिसांत नाव गेल्यामुळे चार वर्षं अडकलं होतं. कोणाचा मेव्हणा, कसली तक्रार, कुणाला काही माहीत नाही. मी म्हटलं, वकिलाला विचार. तर म्हणाला, वेडी आहेस का, वकील कंपनीचा आहे, विचारलं की रेकॉर्डवर येईल, मॅनेजरला कळेल. म्हणजे विचारायचंही नाही. त्यानं स्वतःच ठरवलं की कुत्रा राहिला तर केस राहील, आणि कुत्राच नसला तर फाइल बंद. कुणीही मागितलं नव्हतं. प्राणी विभागानं नाही, केतकीनं नाही, निखिलनंसुद्धा नाही. पिकअपवाले दोघं त्या दिवशी कुठे तरी मजेत कोक पीत असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

आता माझं सांगते, कारण सगळं मकरंदवर ढकलणं खोटं होईल. बंडूची नोंदणी माझ्या नावावर होती, त्याला संपवायच्या कागदावर सही माझीच लागणार होती. मी नाही म्हणू शकत होते. मकरंद ओरडला नाही, त्यानं धमकावलं नाही. रविवारी दुपारी चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "कार्ड आलं की तू शाळेत शिकवू शकशील, वसू." आणि माझ्या डोळ्यांसमोर वर्ग उभा राहिला. फळा, खडू, समोर तीस तोंडं. अडीच वर्षं मी त्या वर्गाची वाट बघत होते. मी सही केली ती धाकानं नाही, हावेनं केली. डोनाला फोनही केला नाही, तिला काय तोंड दाखवू म्हणून.

दहा दिवस संपल्यावर सकाळी दहाला प्राणी विभागात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, नक्की ना, मॅडम, त्याच्यात काही आजार निघालेला नाही. मकरंद म्हणाला, येस. मी सही केली. आत राहायचंय का विचारलं, मी नाही म्हटलं. पाच मिनिटांनी तीच मुलगी परत बाहेर आली. म्हणाली, तो आमच्याबरोबर पिंजऱ्यातून उठत नाहीये, तुम्ही येता का? अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. मी आत गेले. मला बघून त्याचं सगळं अंग हललं, पण जागेवरून उठला नाही, मी सांगितल्याशिवाय कसा उठेल. मी म्हटलं, "जा बंडू." तो उठला आणि त्या मुलीबरोबर गेला. एकदा मागे वळून बघितलं, बरोबर करतोय ना, असं विचारायला.

आठवड्यानं डोनाचाच फोन आला, मंगळवारी का येत नाही म्हणून. मी सांगितलं. ती म्हणाली, माझ्याकडे जागा होती त्याला. आणि फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि तिनं का बोलावं?

वसंतात वकिलाकडे शेवटचे कागद भरायला गेलो. हायवेलगतची काचेची इमारत, आठवा मजला. अटक, गुन्हा, पोलिसांत काही, असा प्रश्न वकिलानं मकरंदला विचारला. पाच महिने पोटात ठेवलेलं त्यानं सांगून टाकलं: कुत्रा चावला होता एकीला, नोंद झाली होती. वकिलानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "तुम्ही चावला होतात का?" आणि मोठ्यानं हसला. मग समजावून सांगितलं की याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. असल्या गोष्टी त्या फॉर्मवर लिहीतसुद्धा नाहीत.

गाडीत बसल्यावर मकरंदनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुश्श केलं. सुटलो, म्हणाला. माझ्या कानात काहीतरी नुसतं वाजत होतं. दोन एक्झिट गेल्यावर तो मोकळेपणानं बोलायला लागला. आता टेन्शन नाही. आता वाटलं तर दुसरं पिल्लू आणू या का? या वेळी नीट करू, आता आपल्याला एक्सपीरियन्स आहे.

मी म्हटलं, "कुत्रा नको. तू घरी राहा."

हे मी त्याला पहिल्यांदा म्हणत होते. अडीच वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जेवणाच्या टेबलावर बसून मॅनेजरला ईमेल लिहिली, चार ओळी, बायको एकटी असते, डॅलसमध्ये काही काम असेल तर बघा म्हणून. उत्तर दुपारच्या जेवणाच्या आत आलं. मकरंद लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात धावत आला आणि आनंदानं मला वाचून दाखवायला लागला. इथलं एक काम आहे, पुढच्या सोमवारपासून सुरू कर, बायकोला माझा नमस्कार सांग. आणि शेवटी लिहिलं होतं, हे तू आधीच विचारायचं होतंस, दोन वर्षांपूर्वीही दिलं असतं.

मी गॅस बंद केला आणि त्याला ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. मी म्हटलं, पुन्हा. तिसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज फुटला, आणि तरीही मी त्याला थांब म्हटलं नाही.